सोपानबप्पांचा उलटा हात

सोपानबप्पा लोखंडाला कधी सरळ हात लावत नाहीत. आधी बोटांची मागची बाजू हळूच टेकवायची, क्षणभर थांबायचं, मगच धरायचं. एसटीचा दांडा असो, दवाखान्याचं फाटक असो की माझ्या गिरणीतला पिठाचा डबा.

"सरळ हातानं धरलं आन् करंट असला तर मूठ आवळती, सूनबाई. उलटा हात आपसूक मागं येतो. लोखंडाला इचारून घ्यावं."

लोखंडाला विचारून घेणारा माणूस! नांदूरघाटात त्यांची लई चेष्टा व्हायची. मीही करायचे.

बप्पा मेंढपाळ. वय सत्तरीच्या पुढं, घरात एकटे. हे खूळ त्यांना पाण्याच्या पाइपानं लावलं. नव्या योजनेचे जाडजूड लोखंडी पाइप एकमेकांना जोडून, लाकडी ठोकळ्यांवर आमच्या वस्तीच्या कडेनं लांबच लांब ठेवले होते. बरोब्बर वरून हाय टेन्शनच्या तारा गेलेल्या. एक दिवस बप्पांची मेंढी पाठ घासायला पाइपाला टेकली आणि ओरडून चार हात उडाली. काय झालं म्हणून बप्पांनी हात लावला, तर तेही बसकण मारून खाली.

कामावरचा मुकादम हसला. "बप्पा, तार तिकडं आभाळात हाय. करंट काय उडी मारतो व्हय?"

बप्पांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून काठी आडवी धरून पाइपापाशी उभे राहिले. कुणी टेकायला आलं की हाकल. मी ओल्या गोधड्या वाळत घालायला गेले, तर माझ्यावरही काठी उगारली.

"पाइप तुमच्या बापाचा हाय का?" मी भडकले.

"न्हाई. पण तू कुनाची तरी माय हायस. जा घरी."

मी तोंडाला येईल ते बोलले आणि गोधड्या घेऊन परत आले.

मग बप्पांनी मेंढरं बहिणीकडं सोडली आणि बीड गाठलं. वीज खात्याच्या ऑफिसात दोनदा कुणी ऐकलंच नाही. तिसऱ्यांदा जीपमधून परतले, सोबत एक इंजिनिअर बाई. बाईंनी मीटर लावला, आकडा बघितला आणि मुकादमाला म्हणाल्या, "आधी सगळ्यांना लांब करा."

मग त्यांनी आम्हाला समजावलं. एवढ्या दाबाच्या तारेभोवती विजेचं क्षेत्र असतं. तार शिवत नसली तरी खालच्या लोखंडात वीज भरते. कोरड्या लाकडावरून तिला जमिनीत जायला वाट मिळत नाही. माणूस टेकला, की तोच वाट होतो.

"ओले कपडे वगैरे घालत नव्हता ना कुणी यावर?" त्यांनी विचारलं.

मला माझ्या ओल्या गोधड्या आठवल्या. मी बप्पांकडं बघितलं.

संध्याकाळपर्यंत जमिनीत सळया ठोकून पाइपाला जाड तारा जोडल्या, अर्थिंग झालं. बाईंनी पुन्हा मोजलं आणि मान हलवली. सगळ्या वस्तीनं श्वास सोडला. जाता जाता त्यांनी बप्पांना विचारलं, "तुम्हाला एवढी खात्री कशी होती?"

"मेंढरू खोटं बोलत न्हाई, बाई."

दुसऱ्या दिवशी मी भाकरी आणि ठेचा घेऊन बप्पांकडं गेले. चुकलं म्हणाले. ते हसले.

"तुजं काय चुकलं? उलट बरं वाटायचं बघ. निम्मी वस्ती ऊस तोडायला गेलीय. दिवस दिवस मानसाचा आवाज न्हाई. पाइपापाशी हुबा राह्यलो तर लोक यायचे, शिव्या द्यायचे, भांडायचे. आता कोन येतंय?"

बहिणीकडून परत आणलेली मेंढरं समोर रवंथ करत बसली होती. मी बाजेवर नीट मांडी घातली आणि म्हणाले, "यांची नावं तरी सांगा."

बप्पा खुलले. "ती ढवळी. ती लाडी. तो शिंगवाला सरपंच, कुनाचं ऐकत न्हाई."

"आन् ही, सारखी ढुसण्या मारती ती?"

बप्पा जरा लाजले. "तिचं नाव मागल्या आठवड्यातच ठेवलंय. गिरणीवाली."