अळिवाची कुंडी

"लालचंद शेठ, या अळिवाचं झाड कसं दिसतं हो?"

होळीला अळिवाचा लाडू खाता खाता रुपचंदनी सहज विचारलं आणि लालचंद शेठच्या घशात घास अडकला. चोपडा गावात किराणा विकता विकता त्यांचे केस गेले. किती बाळंतिणींच्या घरी त्यांच्या दुकानचं अळीव पोचलं असेल, पण ते शेतात कसं दिसतं हे बघायची वेळ कधी आली नव्हती.

"झाड? झाडासारखंच असतं."

रुपचंद खो खो हसले. ते फैजपूरचे केळीचे व्यापारी आणि शेठच्या सुनेचे, विधीचे, वडील. व्याह्याची फजिती म्हणजे त्यांना दुसरा लाडूच. "बठ्ठं सगळं विकलं, पिकवलं मात्र काहीच नाही!"

शेठ पेटले. "आखाजीला, अक्षय्यतृतीयेला, विधीला माहेरी न्यायला याल ना? तेव्हा फुलावर आलेलं अळीव दाखवतो. नाही दाखवलं तर दिवसभर दुकानात माझ्या गादीवर तुम्ही बसा!"

शेठच्या बायकोनं, लाडकुंवरबाईंनी, कपाळाला हात लावला. त्या गादीवर शेठ सख्ख्या भावालाही टेकू देत नसत.

बी भिजवून पेरलं की लवकर उगवतं, एवढी शेती शेठना ठाऊक होती. त्यांनी बायकोच्या पातेल्यात अळीव भिजत घातलं आणि सकाळी गच्चीवर नेऊन पाहतात तो काय, पातेलंभर बुळबुळीत गोळा! मातीत टाकावं तर बोटं सोडेना, पायजम्याला पुसावं तर पायजमा सोडेना. वैतागून त्यांनी जोरात हात झटकला आणि पातेलंच निसटून कठड्यापलीकडे गेलं. खाली शेजारच्या रहीमभाईंच्या घरामागे धप्पकन आवाज झाला. शेठ पाय न वाजवता जिना उतरले.

"माझं पातेलं पाहिलं का हो? माहेरचं, नाव कोरलेलं?"

"मांजरानं नेलं असेल."

"मांजर काय स्वयंपाक करणार आहे?"

मग शेठनी कुंडीत कोरडंच बी पेरलं. कोंब आले की शेठ घाबरून इतकं पाणी घालत, की ते बिचारे आडवे होत. उरलेसुरले उन्हानं करपले. आखाजी उद्यावर आली तरी कुंडी शेठच्या डोक्याइतकीच टकली होती.

त्या संध्याकाळी रहीमभाईंनी खालून हाक मारली. "शेठ, आमच्या कूलरला दाढी आली बघा! मागच्या गवतात रान माजलंय. उद्या गवतच बदलतो."

शेठनी वाकून पाहिलं. वीतभर नाजूक काड्या, टोकाला बारीक पांढरी फुलं. रुपचंदनी तरी अळीव कुठं पाहिलंय?

"टाकू नका, मला द्या. फुलं बरी दिसतात."

आखाजीला त्या काड्या रोवलेली कुंडी गल्ल्याशेजारी डुलत होती. रुपचंदनी ती पाहिली आणि हात जोडले. "हरलो, शेठ! मानलं तुम्हाला!" येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते कौतुकानं कुंडी दाखवू लागले. जेवताना शेठनी पुरणपोळी ताटातच ठेवली. ज्या माणसानं उभ्या जन्मात डाळीत खडा विकला नाही, त्याला आज स्वतःचीच लाज वाटत होती. दुकानात परतल्यावर गादीवर बसवेना तेव्हा ते खाली उतरले.

"व्याही, बसा गादीवर. हे अळीव नाही. शेजारच्या कूलरवरचं रान आहे."

 रुपचंदनी गादीवर चढून ऐसपैस मांडी घातली आणि पाठीला लोड घेतला.

तेवढ्यात लाडकुंवरबाई दुकानात आल्या आणि त्यांच्या मागोमाग रहीमभाई. "भाभी, हे तुमचं पातेलं. गवत बदलताना कूलरमागे अडकलेलं सापडलं. होळीनंतर कूलरवर बुळबुळीत काय सांडलं होतं कुणास ठाऊक, तिथंच ते रान माजलं."

पातेल्याच्या बुडाला लालसर दाणे वाळून चिकटले होते. डोळे मिटूनही शेठनी ते ओळखले असते. त्यांनी कुंडीतलं पान तोडून चावलं. मोहरीसारखा झणका नाकात गेला.

"रुपचंदजी, उतरा! अळीवच आहे हे! माझंच आहे!"

"आता कोण ऐकतं? मालकच म्हणाला माल खोटा आहे." रुपचंदनी लोड आणखी जवळ ओढला.

लाडकुंवरबाई पातेलं काखोटीला मारून उभ्या होत्या. "जन्मात एकदा खोटा माल खपवायला निघालात, तोही अस्सल निघाला. ते जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "आता ते मांजर दाखवा."