पट्टीबाहेर बोटभर

फीन हरली तर पायांमुळे हरेल, सायकलमुळे हरणार नाही, असं लिवेन लामेन्सने क्लबच्या कॅन्टीनमध्ये जाहीर करून टाकलं होतं. तेही फीनच्या समोर. पंधरा वर्षांच्या मुलीला याहून मोठा धीर कुठला बाप देणार?

लिवेन स्वतः जन्मात शर्यतीत उतरला नव्हता, पण बेल्जियमच्या सायकलवेड्या फ्लँडर्समध्ये त्यावाचून कुणाचं अडत नाही. दिवसा तो बाथरूमच्या टाइल्स विकायचा आणि उरलेल्या वेळात कनिष्ठ गटाची नियमावली वाचायचा. वाचायचा आणि इतरांना ऐकवायचा. त्याची गाडी पार्किंगमध्ये शिरताना दिसली की बाकीच्या आयाबापांना अचानक स्वच्छतागृहात जायची घाई व्हायची.

त्याचा खरा राग होता गिअरच्या नियमावर. वाढत्या वयात मुलांनी जड गिअर ओढून गुडघ्यांची वाट लावू नये, म्हणून त्यांच्या सायकलींना मर्यादा असते. तपासायची रीत अगदी साधी. जमिनीवर दोन पट्ट्या चिकटवतात, सायकल सगळ्यात जड गिअरमध्ये टाकून पहिल्या पट्टीपासून उलटी ढकलतात. पायडलचा एक फेरा पुरा होईपर्यंत चाक दुसऱ्या पट्टीच्या आत राहिलं पाहिजे. बाहेर गेलं तर सायकलही बाहेर आणि मूलही बाहेर.

"हा नियम म्हणजे गुणी पोरांचे पाय बांधायचा धंदा आहे," लिवेन म्हणायचा.

"पाय बांधत नाहीत, फिरवायला लावतात," ओदिलकाका म्हणायचे. हे क्लबचे प्रशिक्षक. ऐंशीला टेकलेले, आणि बोलण्यापेक्षा खाण्याकडे जास्त लक्ष. "हलका गिअर, भराभर पाय. या वयात एवढं आलं की पुरे. जोर काय, मागाहून येतोच."

"काका, तुमचा काळ वेगळा होता."

"हो. तेव्हा बाप घरी बसायचे."

त्या रविवारी गावच्या जत्रेची शर्यत होती, आणि ती साधी नव्हती. प्रांताच्या कुमारी संघात एकच जागा उरली होती आणि ती भरायला निवड समितीच्या हेडविग बाई स्वतः येणार होत्या. फीनने गेलं वर्षभर या जागेसाठी पावसात, वाऱ्यात, सर्दीत सायकल हाणली होती. रविवारी नाही जमलं तर पुन्हा वर्षभर थांबायचं. ती आठवडाभर जेवत नव्हती, बोलत नव्हती. लिवेनच्या मते याचा अर्थ तिला नव्या टायरांची गरज होती.

आदल्या संध्याकाळी त्याने गॅरेजमध्ये ती चढवलीसुद्धा. जाडजूड, रुंद, कडेने बिस्किटी रंगाची.

"जुनी चांगली होती की," फीन म्हणाली.

"चांगलं आणि उत्तम यात फरक असतो, बाळा."

"मला त्यांची सवय आहे, बाबा."

"सवय माणसाला मागे ठेवते," असं म्हणून त्याने पंप घेतला आणि टायर बोटाने टकटक वाजेपर्यंत हवा भरली. टायर जाड झालं की चाक मोठं होतं, आणि चाक मोठं झालं की एका फेऱ्यात सायकल जास्त लांब जाते, एवढी साधी गोष्ट त्याच्या डोक्यात आली नाही. दिवसभर टाइल्सची मापं घेणाऱ्या माणसाच्या!

सकाळी चर्चसमोर बँड वाजत होता, तंबूत दहा वाजताच बिअर सुरू झाली होती, आणि तपासणीच्या पट्ट्यांपाशी मुलींची रांग लागली होती. पंच होत्या क्रिस्टा बाई. शांत बाई, पण त्यांच्याशी वाद घालून आजवर कुणी जिंकलं नव्हतं. त्यांनी फीनची सायकल उलटी ढकलली. पायडल फिरलं. चाक पट्टीवर आलं आणि अलगद पलीकडे गेलं.

"बोटभर बाहेर," क्रिस्टा बाई म्हणाल्या.

"शक्य नाही. गिअर तेच आहेत," लिवेन म्हणाला.

"गिअर तेच असतील. टायर नवं दिसतंय."

फीनने बापाकडे पाहिलं. त्या नजरेसमोर एरवी लिवेन विरघळला असता, पण त्याला युक्ती सुचली होती. थोडी हवा सोडायची. टायर बसलं की चाक लहान. सायकल आत. मग पलीकडच्या कुंपणामागे जाऊन पुन्हा भरायची. नियम पाळणारे वेगळे आणि नियम कळणारे वेगळे, असं त्याला वाटलं आणि मनोमन त्याने स्वतःची पाठ थोपटली.

त्याने खाली बसून व्हॉल्व्हमधून हवा सोडली. फुस्स करून आवाज झाला, रांगेतल्या मुली हसल्या. सायकल पुन्हा उलटी गेली. या वेळी चाक पट्टीच्या आत थांबलं, जेमतेम.

"चालेल. दोरीच्या आत नेऊन ठेव, पोरी," क्रिस्टा बाई म्हणाल्या.

"आत्ता आणतो, बाई. फक्त कुंपणापर्यंत नेऊन..."

"तपासलेली सायकल शर्यत सुरू होईपर्यंत दोरीबाहेर जात नाही. तुम्हाला नियम ठाऊक असेलच."

"ठाऊक आहे," लिवेनच्या तोंडून सवयीने निघून गेलं. आणि खरंच ठाऊक होता. त्यानेच तो गेल्या महिन्यात तीन कुटुंबांना ऐकवला होता.

अशा रीतीने फीन लामेन्स वर्षातल्या सगळ्यात मोठ्या शर्यतीत मऊ मऊ टायरांवर उतरली, आणि तिचा बाप पायाने दाबून धरायचा मोठा पंप हातात घेऊन रस्त्याच्या कडेने धावत सुटला.

गावाबाहेर बीटच्या शेतांमधून जुना दगडी रस्ता जातो. दर फेरीला त्यावरून जावं लागायचं. लिवेन तिथे धापा टाकत पोहोचला तेव्हा हेडविग बाई घडीच्या खुर्चीवर बसून सँडविच खात होत्या. त्याने त्यांना ओळखलं. त्यांनी त्याला ओळखलं नाही, हे बरंच झालं.

मुलींचा घोळका आला. दगडांवर सगळ्यांच्या सायकली थडथड उडत होत्या. कुणाची बाटली पडली, कुणी गवतात गेली. मधून फीन आली, खाली मान घालून, पाय भिंगरीसारखे फिरवत. घट्ट टायरवाल्या मुली उसळत होत्या आणि ही मात्र मऊ टायरांवरून सरळ निघाली होती.

"फीन! हवा नाहीये गं! जपून!" लिवेन ओरडला.

"अहो पंपवाले, जरा बाजूला व्हा," हेडविग बाई म्हणाल्या. "मला दिसत नाही."

पुढच्या फेरीला फीन पहिल्या दहांत होती. त्याच्या पुढच्या फेरीला पाचांत. लिवेनला काही केल्या कळेना. आयुष्यभर त्याने टायर दगडासारखी टणक केली होती, आणि इथे त्याच्या उलट काहीतरी घडत होतं, आणि त्याला ते आवडत नव्हतं. पण शेवटी बापच तो. चर्चसमोरच्या सरळ रस्त्यावर फीन तिसरी आली तेव्हा त्याने पंपाला मिठी मारली आणि ढसाढसा रडला.

फीन सायकलवरून उतरली. हसत होती. आठवड्यात पहिल्यांदा.

"बाबा, तिसरी!"

"पाहिलं, पाहिलं. जा, पाणी पी, तोंड धू. फोटोवाला येतोय." त्याने सायकल तिच्या हातातून घेतली आणि मागचं टायर दाबून पाहिलं. लिबलिबीत. उद्याच्या पेपरात फोटो येणार आणि त्यात लिवेन लामेन्सच्या मुलीची चाकं बसलेली? उभा गाव काय म्हणेल? सकाळपासून हाताला लागलेली खाज आता त्याला आवरेना. त्याने पंप लावला आणि टायर टकटक वाजेपर्यंत हवा भरली. दोन्ही. मग रुमालाने पुसली.

ओदिलकाका बटाट्याच्या कापांचा पुडा घेऊन आले. त्यांनी टायर पाहिलं. पंप पाहिला. तोंडातला काप तसाच राहिला.

"लिवेन, हे काय केलंस?"

"फोटोसाठी."

"पहिल्या तिघींची तपासणी पुन्हा होते ना रे, शर्यतीनंतर."

हाही नियम लिवेनला तोंडपाठ होता. त्याने व्हॉल्व्हकडे हात नेला, तोवर क्रिस्टा बाईंनी हँडल धरलं होतं.

सायकल उलटी गेली. पायडल फिरलं. चाक पट्टी ओलांडून गेलं, सकाळइतकंच.

"मी आता हवा भरली," लिवेन म्हणाला. "शर्यतीत नव्हती. विचारा कुणालाही. अख्ख्या रस्त्याने मी पंप घेऊन धावत होतो."

"सगळ्यांनी पाहिलं," क्रिस्टा बाई म्हणाल्या. "पण समोर आहे ती सायकल मी मोजते. बाद."

फीन तोंड धुऊन, केस बांधून आली होती. तिने सगळं ऐकलं. ती ओरडली नाही. तिचं हसू हळूहळू गेलं, आणि ते जाताना पाहणं लिवेनला फार जड गेलं. आपण काय करून बसलो हे त्याला तेव्हा पहिल्यांदा, आणि पूर्ण, कळलं.

तेवढ्यात गर्दीतून हेडविग बाई आल्या, खुर्ची काखोटीला मारून.

"तूच ना लामेन्स? पाय छान फिरतात तुझे. कुणी शिकवलं?"

"ओदिलआजोबांनी. पण मी बाद झालेय, मॅडम."

"बाद? मला माहीतच नाही. मी दोन फेऱ्या आधीच ठरवून कॉफी प्यायला गेले. या वयात आम्ही पाय बघतो गं, निकाल नंतर बघू. मंगळवारपासून संघाच्या सरावाला ये." ओदिलकाकांनी पुडा फीनपुढे धरला, तिने एक काप उचलला आणि तिला रडू कोसळलं.

"पण बाद कशाने झालीस?" हेडविग बाईंनी विचारलं.

"शर्यत संपल्यावर कुणीतरी हवा भरली."

"कुणी?"

लिवेनने पंप पाठीमागे नेला. "असतात हो अशी माणसं," तो घाईघाईने म्हणाला. "दर क्लबात एखादा असतोच. अशांना मुलांच्या जवळपास फिरकू देऊ नये, मी तर म्हणतो."

"अगदी बरोबर," हेडविग बाई म्हणाल्या. "मी तेच सांगणार होते."

फीनने डोळे पुसले आणि हात पुढे केला.

"बाबा, पंप दे इकडे."