बाबांची उरलेली पावलं

"या मसुद्यात सुई शिरेल एवढीही फट नाही, सर!" थोरली म्हणाली. अध्यक्षांनी चष्म्यावरून तिच्याकडे असं पाहिलं, जणू ते खिशात सुई घेऊनच आले होते.

थोरली ती घरी. इथे ती राष्ट्रीय मानक समितीची सचिव होती. नाडी मोजणारे मनगटी पट्टे, रुग्णालयांचे संगणक, आपोआप निघणाऱ्या ॲम्ब्युलन्स, ही सगळी हुशार यंत्रं देशभर कोणत्या नियमांनी चालावीत, ते ठरवायचं होतं. दोन वर्षं खपून तिने दोनशे चौदा कलमं लिहिली होती. आज मंजुरी!

तिचा जीव मात्र एकाच कलमात अडकला होता. कलम एकेचाळीस: माणूस गेल्यावर पट्टा तीस दिवस गप्प राहिला, की त्याची नोंद आपोआप बंद व्हावी. घरच्यांना कुणी विचारू नये. चार महिन्यांपूर्वी बाबा गेले, तेव्हा 'नोंद बंद करायची का?' असा प्रश्न तिच्या फोनवर आला होता. खाली 'होय' आणि 'नाही'. तिने दोन्हींपैकी काहीच दाबलं नव्हतं. हे समितीत कुणाला ठाऊक नव्हतं.

"हे चाचणीतले पहिले वापरकर्ते," नाव न सांगता बाबांचीच नोंद उघडत तिने कळ दाबली. "हृदयरुग्ण, वय अठ्ठ्याहत्तर. आता हयात नाहीत. नोंद आपोआप बंद झालेली दिसेल."

पडद्यावर नाडी उमटली. एकशे अठरा!

"हयात नाहीत?" अध्यक्ष म्हणाले. "हे तर पळतायत!"

"सर, रुग्णालयाच्या दफ्तरी ते..."

"रुग्णालयाला ठाऊक आणि पट्ट्याला पत्ता नाही? यंत्रं एकमेकांशी बोलत नाहीत का?"

"बोलतात सर. कलम नऊ."

"मग भांडलेली दिसतात!"

तेवढ्यात पडदा लालभडक झाला. 'नाडी दहा मिनिटं मर्यादेबाहेर. ॲम्ब्युलन्स निघाली.' हे कलम सतरा. यातही कुणाला विचारायची गरज नव्हती. थोरलीला त्याचा फार अभिमान होता. एका सदस्याने तर टाळीही वाजवली.

तिने घाईघाईने आईला फोन लावला. तो नेमका सभागृहाच्या स्पीकरला जोडलेला!

"आई, बाबांचा पट्टा कुठाय?"

"हातात."

"कुणाच्या?"

"माझ्या! त्याला काय स्वतःचे पाय आहेत?"

"अगं, पण का?"

"ह्यांनी दहा लाख पावलांचं लक्ष्य लावलं होतं ना? साठ हजार राहिली. अर्धवट काम ह्यांना कधी खपलंय? रोज थोडी थोडी घालते. आज शेवटची, म्हणून जरा भरभर चाललेय."

 चार महिने थोरली फोनवर 'आई, जरा पाय मोकळे कर' म्हणून विनवत होती, आणि आई 'बघू' म्हणत होती.

स्पीकरमधून भोंगा ऐकू आला. मग ॲम्ब्युलन्सवाल्याचा दमदार आवाज. "आजोबा कुठायत?"

"कोण आजोबा?" आई.

"नाडी एकशे बावीस, वय अठ्ठ्याहत्तर, पुरुष!"

"सत्तर! आणि बाई आहे मी, दिसत नाही?"

"आम्हाला पट्टा सांगतो तेच खरं, आजी. स्ट्रेचरवर झोपा."

"हात लावून बघ! दोनशे बारा पावलं राहिलीत माझी!"

आई पुढे आणि निसटलेल्या गिऱ्हाइकामागे हमालाने धावावं तसा स्ट्रेचर मागे! "आजी, निदान हळू!" "हळू चालले तर पकडाल!" पडद्यावर उरलेल्या पावलांचा आकडा घसरू लागला. अध्यक्ष उठून उभे राहिले. "चाळीस... पस्तीस..." दोन वर्षांत एकदाही जागे न दिसलेले समितीतले हृदयरोगतज्ज्ञ टेबलावर ठेका धरून ओरडले, "चला, आजी, चला!"

दहा लाख!

टाळ्यांचा कडकडाट झाला. फोनवर मात्र क्षणभर नुसता धापांचा आवाज. मग आई हळूच म्हणाली, "झालं गं."

थोरली खाली वाकून कागद शोधू लागली. कागद टेबलावरच होते.

"मॅडम," अध्यक्ष म्हणाले, "दोनशे चौदा कलमांत माणसाला विचारायचं एकही कलम नाही." त्यांनी खिशातून सुई नव्हे, पेन काढलं. कलम सतरामध्ये लिहिलं, 'आधी फोन करावा.' एकेचाळीसमधलं 'आपोआप' खोडलं आणि लिहिलं, 'घरच्यांना विचारावं. उत्तराला मुदत नाही.'

"चालेल?"

थोरलीने मान हलवली. मसुदा एकमताने मंजूर झाला. फट ठेवूनच!

इतक्यात पडद्यावर हिरवी अक्षरं आली. 'अभिनंदन! पुढचं लक्ष्य: वीस लाख.'

"बघितलंस?" आई स्पीकरवर कडाडली. "पट्टा अगदी ह्यांच्यावरच गेलाय! दोन घटका बसू म्हणून देत नाही!"

"मग आता गं?"

"मग काय! पाच लाख माझी, पाच लाख तुझी. संध्याकाळी ये. आणि बूट घालून ये."

सभागृह हसलं. रोज सहा हजार पावलं चालावीत, असं देशाला सांगणारं कलम एकशे बारा थोरलीनेच लिहिलं होतं. आणि बैठकीला ती पहिल्या मजल्यावर लिफ्टने आली होती.