श्वास मोजणारा निरंजन

आमच्या शेजारचा डॉक्टर निरंजन माणसाच्या तोंडाकडे बघत नाही, गळ्याखालच्या खळगीकडे बघतो. चहात साखर किती, असं विचारावं तर पापणी न हलवता मिनिटभर तुमचे श्वास मोजतो आणि म्हणतो, “सोळा. ग्रँड,” म्हणजे इथल्या बोलीत ‘ठीक’. आयर्लंडमधल्या स्लायगो गावातल्या आमच्या गणपतीत सगळे मूर्तीकडे बघून आरती म्हणतात, हा मागे भिंतीशी उभा राहून आमच्या पाठी वरखाली होताना बघतो. तिथे नव्यानं येणाऱ्या मुली त्याला चित्रगुप्ताचा कारकून म्हणतात आणि त्याच्या पुढ्यात बसत नाहीत.

तो इथल्या इस्पितळात इमर्जन्सीला आहे. पुराव्याशिवाय काही मानत नाही. माझ्या हळदीच्या दुधाला “पुरावा?”, सुंठेच्या लेपाला “पुरावा?” मी पुण्यात पस्तीस वर्षं नर्स होते, हाही त्याला पुरावा वाटत नाही.

गेल्या नोव्हेंबरात मला खोकला झाला. इथे मी जिच्याकडे राहते, त्या लेकीलाही कळू दिलं नव्हतं. निरंजन वाटी परत करायला आला आणि दारातच थबकला. “काकू, अठ्ठावीस.” आत्ताच जिना चढले, मी म्हटलं. तो म्हणाला, “तुमच्या घराला जिना नाही.”

तासाभरात मी त्याच्या इस्पितळात होते, रक्ताचे नमुने गेले, अँटिबायोटिक चढलं. मी ऑक्सिजन मागितला, तर रक्तात पंच्याण्णव टक्के आहे, जादा देऊन फायदा होतो याला पुरावा नाही, म्हणाला. तरुणपणी मी दिसेल त्याला मास्क लावायची. भेटायला आलेले नातेवाईक थोडक्यात वाचले.

जरा सावरल्यावर पडद्याच्या फटीतून पाहिलं. पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा गेला होता. मशीन बंद, खोलीत आवाज नाही, आणि निरंजन त्याच्या छातीकडे बघत उभा. ओठ हलत होते. जिथे श्वासच नाही तिथे हा काय मोजतोय? नर्स हळूच म्हणाली, मृत्यूची खात्री करायला थांबायची नियमाची मिनिटं केव्हाच संपलीत, तो नेहमीच असा थांबतो.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात आला, तेव्हा मी विचारलंच. त्यानं फोनवर एक फोटो दाखवला. त्याच्या आईचा, नागपुरातल्या इस्पितळातला शेवटच्या दिवसाचा तक्ता. ताप बदलत होता, नाडी बदलत होती. श्वासांच्या रकान्यात मात्र सकाळपासून अठरा, अठरा, अठरा. शेवटचा अठरा ती गेल्यानंतरच्या वेळेचा.

“मी इथे ड्यूटीवर होतो,” तो म्हणाला. “काकू, तिच्याकडे कुणी बघत होतं का?”

खोटं बोलणं सोपं होतं. पण मी सांगितलं, की आम्ही मोजत नसू. मी अख्ख्या वॉर्डाला अठरा लिहून मोकळी व्हायची. टोपीची इस्त्री मोडली नाही ना, हे मात्र तासातासाला बघायची. एवढी मी हुशार.

त्यानं बोटानं तक्ता सरकवून शेवटच्या अठरावर आणला. मग म्हणाला, “तिला उताणं झोपवलं की भीती वाटायची. कुणी कुशीवर वळवलं असेल?”

“त्याला रकाना नसतो रे,” मी म्हटलं. “पण वळवायचो. मी वळवायची.”

त्यानं फोन खिशात घातला. माझी घसरलेली उशी सारखी केली आणि विचारलं, “काकू, कुठली कूस?”