सासरेरोधक सिगारेट

"आपण निवडलेली वस्तू आजवर कधी फसलेली नाही!" असं अवधूत छाती फुगवून सांगायचा, आणि खोटं सांगायचा नाही बरं का! अमेरिकेत, टेक्सासमधल्या प्लेनोतल्या एका मोठ्या कंपनीत तो सॉफ्टवेअर टेस्टिंगचा लीड. साधा टोस्टर घ्यायचा तरी आधी एक्सेल उघडणार. व्हॅक्यूम क्लीनरसाठी त्याने सतरा रकान्यांचा तक्ता केला, आणि तो पुरा होईपर्यंत त्याच्या बायकोने, गिरिजाने, दोन महिने केरसुणीने घर झाडलं. पण व्हॅक्यूम क्लीनर निघाला एक नंबर! त्यामुळे २००८च्या जूनमध्ये इलेक्ट्रॉनिक सिगारेट घ्यायची वेळ आली तेव्हा हा गडी अगदी निर्धास्त होता.

मुळात ही वेळ आलीच का? तर बारशामुळे! गिरिजाची धाकटी बहीण आसावरी तिकडे कॅलिफोर्नियात, सांता क्लाराला बाळंत झाली. सासूबाई बाळंतपणासाठी आधीच तिकडे. सासरे एकनाथराव मात्र प्लेनोत, थोरल्या लेकीकडे. आता तिघांनी विमानात बसावं आणि चार तासांत बारशाला हजर व्हावं की नाही? पण नाही!

"विमानातून काय दिसतं? ढग!" एकनाथराव म्हणाले. "ते आमच्या वाईतूनही दिसतात. मला रस्त्यानं जायचंय. पुस्तकासाठी."

लेकीकडे सहा महिने राहिलेला निवृत्त मुख्याध्यापक अमेरिकेचं प्रवासवर्णन न लिहिता परत गेलाय, असं कधी ऐकलंय तुम्ही? एकनाथरावांची दोनशे पानी वही तीन महिन्यांतच अर्धी भरली होती. त्यातल्या तिसऱ्या प्रकरणाचं नाव होतं, 'माझे निर्व्यसनी जावई'.

आणि मेख इथेच होती. जावई निर्व्यसनी नव्हते!

दिवसाला दोन. फक्त दोन हो! एक दुपारी जेवणानंतर, एक संध्याकाळी. नऊ वर्षांपूर्वी स्थळ आलं तेव्हा एकनाथरावांची अट एकच होती, मुलगा निर्व्यसनी हवा. अवधूतच्या आईने ठणकावून सांगितलं, "सुपारीचं खांडसुद्धा खात नाही आमचा मुलगा!" ते खरंच होतं. सुपारी तो नव्हताच खात. तेव्हापासून बिचारा वाईला गेला की भल्या पहाटे घाटावर फिरायला जायचा, आणि सासरे प्लेनोत आले की कचऱ्याची पिशवी टाकायला मागच्या गल्लीत. दिवसातून दोनदा! गेले तीन महिने त्या घरातून रिकाम्या पिशव्यासुद्धा बाहेर जात होत्या.

बरं, सासरे काही खाऊन टाकणार नव्हते. पण ह्याचा त्या माणसावर फार जीव. २००२मध्ये ह्याचा लेऑफ झाला तेव्हा यच्चयावत नातेवाइकांनी फोनवरून अक्कल शिकवली. एकनाथरावांनी चार पानी पत्र पाठवलं आणि शेवटी लिहिलं, 'तुमच्यासारख्या सरळ माणसाचं वाईट होणार नाही.' ते पत्र अजून त्याच्या पासपोर्टपाशी ठेवलेलं आहे. त्याच माणसाने आपल्याला खोटारडा म्हणावं, ही कल्पनाच त्याला सोसत नव्हती.

गिरिजाने तर हातच वर केले. "हे बघ अवधूत, तीन दिवस गाडीत बाबा शेजारी असणार. गाडीत वास आला ना, तर मला यातलं काही माहीत नव्हतं असं मी सरळ सांगणार!"

"नऊ वर्षं माहीत नव्हतं?"

"नव्हतं! मला सर्दी असते!"

घ्या! म्हणून मग ही नवी कोरी इलेक्ट्रॉनिक भानगड. धूर नाही, राख नाही, वास नाही, नुसती वाफ. अवधूतने एक्सेल उघडलं. किंमत, बॅटरी, वजन, वाफ असे रकाने पाडले, आणि सगळ्यात जास्त मार्क ठेवले शेवटच्या रकान्याला. त्याचं नाव 'सासरेरोधकता'!

मॉलमधल्या गाड्यावर चांगले सेट दीडशे डॉलरला होते. दीडशे! वाफेसाठी! एवढ्यात घरी प्रेशर कुकर येतो, तोही वाफ देतो, वर भात शिजवतो. खाली कोपऱ्यात मात्र एकोणपन्नास डॉलरचा सेट होता. काळी, सडपातळ, खिशाला लावायची क्लिप असलेली, थेट पेनासारखी दिसणारी सिगारेट. अवधूतचे डोळे चमकले. सासरेरोधकता, शंभरपैकी शंभर!

"बॅटरी किती चालते?" त्याने विचारलं.

"ऑल डे, माय फ्रेंड!" विक्रेता म्हणाला.

"म्हणजे किती झुरके?"

"ऑल डे!"

दिवसभर हे काय माप झालं? पण एकोणपन्नास डॉलरपुढे अवधूतने ते गिळलं. घरी येऊन गॅरेजमध्ये त्रेचाळीस टेस्ट केसेस चालवल्या. उलटी धरून पाहिली, पाडून पाहिली, चालत्या गाडीत खिशाला लावून पाहिली. झुरका घेतला की टोकाला लाल दिवा लागतो, एवढा एकच दोष सापडला. त्यापुढे त्याने 'लो प्रायॉरिटी' असं लिहिलं आणि गाडीत बॅगा भरल्या.

पहिल्याच दिवशी कळलं की 'दिवसभर' म्हणजे चाळीस मिनिटं! पेट्रोल पंपाच्या स्वच्छतागृहात दोनदा जाऊन येतो तोच बॅटरीने मान टाकली. चार्ज करायची तर गाडीत लायटरचं भोक एकच, आणि त्याला कूलर लावलेला. कूलरमध्ये काय, तर आसावरीसाठी गिरिजाने केलेलं श्रीखंड!

"दहा मिनिटं कूलरची पिन काढू का गं?" अवधूतने हळूच विचारलं.

"बाहेर शंभर फॅरनहाइट आहे! श्रीखंड आंबलं तर बारशाला काय वाढू, तुझा चार्जर?"

आता तुम्हीच सांगा, हा काय न्याय झाला? ते भोक सिगारेटसाठी म्हणून जन्माला आलेलं. अख्ख्या जगाला माहीत आहे. आणि तिथे श्रीखंडाला मानाची जागा, नि सिगारेटला मज्जाव! अवधूत पहिल्या मुक्कामापर्यंत, अमॅरिलोपर्यंत धुमसत गेला. सिगारेट नव्हे, तो स्वतः धुमसत होता. रात्री मोटेलमध्ये चार्जर भिंतीत खुपसला तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी न्यू मेक्सिकोत ऊन नुसतं रटरटत होतं. अवधूत गाडी चालवतोय, खिशाला काळं 'पेन' ऐटीत लटकतंय, शेजारी मानाच्या जागेवर एकनाथराव, मांडीवर वही, मागे श्रीखंडाला खेटून गिरिजा. आल्बुकर्की मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना लालभडक खडकांचे कडे सुरू झाले. एकनाथराव हरखून लिहायला लागले, आणि नेमकं तेव्हाच त्यांचं पेन संपलं.

"अवधूतराव, तुमचं पेन द्या हो जरा."

"हे नको बाबा! ह्याची... ह्याची शाई संपलीय!"

"मग खिशाला लावून मिरवता कशाला? थांबा, झटकलं की उतरते शाई."

शेजारून अठरा चाकी ट्रक चाललेला. अवधूतचे दोन्ही हात स्टिअरिंगवर. म्हाताऱ्याने आरामात पेन काढून घेतलं! वहीवर घासलं. झटकलं. पुन्हा घासलं.

"टोक कुठलं हो ह्याचं?"

"बाबा, मी देते ना दुसरं!" मागून गिरिजा पर्स उपसत ओरडली.

"थांब गं. आधी शब्द सापडू दे. हे खडक... तांबडे? छे, फारच साधं झालं. कसे म्हणावेत बरं..."

आणि चाळीस वर्षं पेपर तपासताना जी सवय लागली होती, त्या सवयीने एकनाथरावांनी पेनाचं मागचं टोक तोंडात घातलं आणि शब्द शोधत चांगलं जोरात ओढलं!

पुढचं टोक लालबुंद झालं. एकनाथरावांचे डोळे मोठे झाले. मग त्यांना जो ठसका लागला, तो असा की नाकातोंडातून पांढरे लोट! पुढची काच दिसेना!

"बॅटरी फुटली! बाबा पेटले!" गिरिजा किंचाळली, आणि हाताला लागलेली ताकाची बाटली तिने जन्मदात्याच्या डोक्यावर उपडी केली.

गाडी दोन लेन ओलांडून रस्त्याच्या कडेला कचकन थांबली. त्रेचाळीस टेस्ट केसेस! आणि 'सासऱ्यांनी तोंडात घातल्यास' ही एक केस त्यात नव्हती! अवधूत कपाळावर हात मारतोय तोवर मागे लाल-निळे दिवे लागलेच.

पोलीस सहा फुटी, तरुण, टोपीवाला. त्याने खिडकीतून आत पाहिलं. पांढऱ्या वाफेत एक पांढरा माणूस खोकत बसला होता.

"त्यांच्या अंगावर काय आहे?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"बटरमिल्क, सर," अवधूत म्हणाला.

"का?"

अवधूतने मागे बसलेल्या गिरिजाकडे बोट केलं. पोलिसाने ते पेन उचलून हुंगलं. "आणि हे कुणाचं?"

"माझ्या जावयाचं पेन आहे, ऑफिसर," एकनाथराव मुख्याध्यापकी इंग्रजीत, मिशीवरचं ताक निपटत म्हणाले. "सदोष आहे. पण माझा जावई अत्यंत सज्जन, निर्व्यसनी माणूस आहे."

"हे पेन नाही, सर. जरा खाली उतरता का?"

आणि एकनाथराव उतरले! ज्यांच्यापुढे वाईतल्या तीन पिढ्या चळाचळा कापल्या ते गुरुजी हायवेच्या कडेला, ताक निथळत, दोन्ही हात गाडीच्या टपावर ठेवून उभे! आत काय भरलंय, कुठून आणलंय, असले प्रश्न त्यांना विचारले जाताहेत! अवधूत गप्प बसला असता तर त्याची अब्रू वाचली असती. पण बघवेना!

"त्यांना सोडा! ते माझं आहे!" तो दार उघडून ओरडला. "मी ओढतो! सिगारेट! दिवसाला दोन! नऊ वर्षं ओढतोय!"

ओरडण्याच्या भरात हे मराठीतच झालं, त्यामुळे पोलिसाला ओ की ठो कळलं नाही. ज्याला कळायला नको होतं त्याला मात्र अक्षरन् अक्षर कळलं. मग हेच सगळं इंग्रजीत पुन्हा सांगावं लागलं. पोलीस म्हणाला, ओढून दाखव. काय प्रसंग! अवधूतने सासऱ्यांकडे पाठ केली, कुंपणाकडे तोंड केलं आणि आयुष्यातला सगळ्यात लाजिरवाणा झुरका घेतला. पोलिसाची खात्री पटली. लेन सांभाळून चालवा, अशी तंबी देऊन तो गेला. जाताजाता हे केवढ्याला पडलं तेही विचारून गेला.

गाडी निघाली. एकनाथराव रुमालाने मान पुसत होते.

"बाबा, मी खोटं वागलो. माफ करा," अवधूत कसाबसा म्हणाला.

"मला माहीत होतं."

"काय?"

"लग्नाच्या आधीपासून. चौकशीला मी स्वतः पुण्याला, तुमच्या कर्वेनगरात आलो होतो. शेजाऱ्यांना विचारण्यात अर्थ नसतो, ते गोडच बोलतात. मी तुमच्या कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, मुलगा रोज दोन घेतो, पण थोटूक कधी रस्त्यावर टाकत नाही, विझवून डब्यात टाकतो. म्हटलं, हा चालेल."

"बाबा! आणि मला नाही सांगितलंत?" मागून गिरिजा कडाडली.

अवधूतचं तर डोकंच फिरलं. "म्हणजे नऊ वर्षं मी त्या पिशव्या घेऊन गल्लीत... उन्हातान्हात... थंडीवाऱ्यात! आणि तुम्हाला माहीत होतं! एका शब्दानं बोलायचं तरी!"

"बोललो असतो तर चोरी संपली असती, आणि दोनाचं पाकीट झालं असतं," एकनाथराव शांतपणे म्हणाले.

"आणि ते 'निर्व्यसनी जावई'?"

"पुस्तक लोकांसाठी आहे हो. लोकांना काय करायचंय?" मग ते प्रेमाने वळले. "आता कसला आडपडदा! पुढच्या पंपावर थांबा आणि माझ्यासमोर खुशाल ओढा."

पुढच्या पंपावर अवधूतने सिगारेट ओठांपर्यंत नेली. एकनाथराव दोन हातांच्या अंतरावर उभे, फळ्यावर गणित सोडवणाऱ्या पोराकडे बघावं तसे कौतुकाने बघत. "हं, ओढा!" ह्याचा हात पुढे जाईना! बाजूला जावं, तर ते गप्पा मारायला सोबत येत. पुढे ते वाईला परत गेले, तर दर रविवारी फोनवर पहिला प्रश्न, "काय, कालच्या दोन झाल्या ना?"

आज अवधूतला सिगारेट ओढून किती महिने झाले, विचारू नका. प्लेनोतली मंडळी पाठ थोपटतात, "वा! सुटली म्हणे तुझी!" आणि तो असा भडकतो!

"सुटली कसली? परवानगी देऊन काढून घेतली माझी!"