खिशातलं ज्याचं त्याला

सोळा वर्षांत मी बनवलेलं एकही ॲप कोसळलेलं नाही. कंपन्या कोसळल्या, त्यातली एक तर माझ्यासकट, पण ॲप नाही! हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं त्यात ॲपचा काडीचाही दोष नव्हता. ते सांगितल्याप्रमाणे चाललं. सांगणारा गाढव होता.

माझी नोकरी जाऊन चार महिने झाले होते. ही गोष्ट कंपनीला माहीत होती आणि मला. घरी माहीत नव्हती. पहिल्याच दिवशी सांगणार होतो, पण घरात शिरलो तर आई शेजारच्या काकूंना सांगत होती, "माझ्या मुलावाचून कंपनीचं पान हलत नाही." बायको माझ्या शर्टाची कॉलर घासत होती. म्हटलं, उद्या सांगू. त्या उद्याला चार महिने लागले. रोज सकाळी नऊला कडक इस्त्रीचा शर्ट, पाठीवर बॅग आणि हातात बायकोने दिलेला डबा अशा थाटात निघायचो आणि चार गल्ल्या ओलांडून लाँड्रीत जाऊन बसायचो.

लाँड्रीतच का, तर लाँड्रीवाल्या काकांना सगळ्यात आधी कळलं होतं. 'आपल्या सेवेची आवश्यकता उरलेली नाही' हे कंपनीचं पत्र चार घड्या घालून माझ्या पँटच्या खिशात राहिलं होतं. काकांची पद्धत जुनी. धुण्याआधी प्रत्येक खिसा तपासायचा, सापडेल ते पाकिटात घालायचं, पाकिटावर फक्त कपड्याचा नंबर टाकायचा आणि ज्याचा खिसा त्याच्याच हातात द्यायचं. बायको कपडे न्यायला आली तर नवऱ्याचं पाकीट गल्ल्याखालीच राहायचं, नवरा आला तर बायकोचं. माझं पाकीट देताना ते एवढंच म्हणाले, "मागच्या खोलीत पंखा आहे. बसा हवं तर." पुढे चार महिन्यांत एक शब्द विचारला नाही.

अशा माणसाचे उपकार फेडायची मला दुर्बुद्धी झाली. खरं तर उपकार वगैरे तोंडदेखलं. मुलाखतीत 'सध्या काय करता?' असं विचारतात, तेव्हा 'शर्टांमागे बसतो' असं सांगता येत नाही.

"काका, तुमच्या लाँड्रीचं ॲप करतो."

"कशाला? दुकान रस्त्यावरून दिसतं की."

"गिऱ्हाइकाला घरबसल्या कळायला हवं. कपडे धुतले, वाळले, इस्त्री झाली."

"संध्याकाळी न्यायला येतात तेव्हा कळतंच."

माणूस भला असला की त्याला समजवावं लागत नाही, दमवलं तरी पुरतं. तीन आठवड्यांत ॲप तयार झालं आणि मी सगळ्या गिऱ्हाइकांच्या फोनमध्ये ते घालून घेतलं. त्यातला माझा लाडका भाग म्हणजे 'खिसा-सेवा'. खिशात काही सापडलं की फोटो काढायचा, तो थेट त्या घराच्या नंबरावर. मध्ये 'पाठवू का?' हा प्रश्नसुद्धा नाही. जितकी बटणं कमी तितकं ॲप चांगलं, हे मी नवशिक्यांना वर्षानुवर्षं घोकून घेत आलोय.

काकांनी बराच वेळ फोन उलटासुलटा करून पाहिला.

"पण खिशातलं ज्याचं त्याला द्यायचं असतं."

"ज्याचं त्यालाच जातंय, काका. घराचा नंबर आहे ना."

"घर म्हणजे कोण?"

मी हसलो. इतका नेमका प्रश्न मला आजवर एकाही गिऱ्हाइकाने विचारला नव्हता, आणि मी हसलो!

सोमवारी सुरुवात झाली. काकांच्या ओल्या बोटांना फोन दाद देईना, म्हणून फोटो काढायला मीच बसलो. पहिल्या तासात एक बटण, खडूचा तुकडा आणि कुणाच्या तरी लेकराचा पडलेला दात. दाताच्या आईने उत्तरात लाल बदाम पाठवला. "बघा," मी काकांना म्हटलं, "पाकिटाला कुणी बदाम दिला होता का कधी?"

दुपारी दातांच्या डॉक्टरांची पँट आली. खिशात चॉकलेटचे सात कागद. आता घराचा नंबर म्हणजे जो कपडे टाकायला येतो त्याचा, आणि डॉक्टरांचे कपडे टाकायला त्यांच्या पत्नी यायच्या. डॉक्टरांनी बाईंचा चहासुद्धा दोन वर्षं बिनसाखरेचा करून ठेवला होता. बाई अर्ध्या तासात दुकानात हजर.

"सातच होते की अजून आहेत?"

"सातच," मी म्हणालो. "पण दुसरा खिसा बघायचा राहिलाय."

दुसऱ्यात पाच निघाले.

मंगळवारी निवृत्त मुख्याध्यापकांच्या खिशात दुपारच्या सिनेमाची दोन तिकिटं सापडली. फोटो गेला त्यांच्या पत्नीला, आणि त्या बाईंनी तीन वर्षांत थिएटर पाहिलं नव्हतं. त्याच दिवशी एका सुनेच्या जॅकेटात भाड्याच्या घरांची यादी निघाली, चार पत्त्यांवर काट आणि पाचव्याभोवती गोल. त्या घराचा नंबर सासूबाईंचा होता.

बुधवारी सकाळी दुकानासमोर ही गर्दी! मुख्याध्यापक सगळ्यात पुढे.

"तुम्ही माझ्या खिशात हात घातलात?"

"सर, तीस वर्षं काका हात घालताहेत की."

"त्यांच्या हाताला तोंड नव्हतं," ते म्हणाले.

सून कोपऱ्यात उभी राहून रडत होती. काका सगळ्यांसमोर हात जोडून "चूक माझी आहे" म्हणत होते, आणि मी, ज्याची चूक होती तो, हँगरला लावलेल्या कोटांच्या मागे उभा होतो. बाहेर यायला हवं होतं. आलो नाही. बारा घरांनी कपडे परत नेले. मुख्याध्यापकांनी तर बादलीतले पडदे निथळतच उचलले आणि रस्ताभर पाण्याची रेघ ओढत गेले.

गर्दी पांगल्यावर काका म्हणाले, "साहेब, बंद करा ते."

"करतोच. एवढा ढीग संपवतो. मध्येच सोडलं तर नोंदी अर्धवट राहतील."

असली शिस्त मला नोकरीत कधी उपयोगी पडली नव्हती. ढिगात नंबर एकशे बाराची काळी पँट होती. खिशात चिकटपट्टीचा एक बिल्ला, दुमडलेला. उलगडला तर वर छापलेलं, 'उमेदवार क्र. ३७'. कुणीतरी मुलाखतीला जाऊन आलेला दिसतोय, मनात म्हटलं, बिचारा. आणि फोटो काढला.

फोन खाली ठेवताना पँटच्या गुडघ्यावरचा शाईचा डाग दिसला. डाग माझा होता. मागच्या बुधवारी, घरी 'मोठी मीटिंग आहे' सांगून गेलो होतो, त्या दिवशीचा.

"काका, तो फोटो..."

"परत बोलावता येतो का?"

"नाही."

"पाकीट ठेवून घेता येत होतं," काका म्हणाले. टोमणा नव्हता त्यात, आणि म्हणूनच जास्त लागलं.

धावत घरी गेलो. दुपारचे चार वाजले होते, आई आतल्या खोलीत झोपलेली. बायको ओट्याशी दूध तापवत होती. तिने वळून पाहिलं, आणि त्या नजरेत मला सगळं दिसलं. निदान तसं वाटलं.

"मी सांगणारच होतो," मी दारातूनच सुरू केलं. "चार महिने झाले नोकरी जाऊन. नऊ मुलाखती दिल्या, एकीकडूनही उत्तर नाही. रोज लाँड्रीत बसतो. तुला फसवायचं नव्हतं गं, आईसमोर धीर होईना आणि मग तुझ्यासमोरही होईना. फोटो बघून तुला काय वाटलं असेल..."

दूध उतू गेलं. तिने गॅस बंद केला.

"कुठला फोटो?"

"लाँड्रीच्या ॲपवर आलेला. आत्ताच."

"ते ॲप? ते मी सोमवारीच काढून टाकलं. सारखं टुणटुण वाजत होतं."

माझ्या सख्ख्या बायकोने माझं ॲप एक दिवससुद्धा ठेवलं नाही, याचं मला त्या क्षणीही वाईट वाटलं. माणूस किती हलका असू शकतो बघा.

ती फडक्याने ओटा पुसत राहिली. दूध पुसून झालं तरी पुसत राहिली.

"लाँड्रीवाल्यांना माहीत होतं?"

"त्यांना पत्र सापडलं, म्हणून."

"म्हणजे चार महिने त्यांना माहीत होतं. आणि मी रोज संध्याकाळी विचारायचे, दिवस कसा गेला. तुम्ही सांगायचा, मीटिंग लांबली."

आईच्या देखत ती मला तुम्ही म्हणते, एरवी तू. स्वयंपाकघरात आम्ही दोघंच होतो. तिने माझ्यावर ओरडून घेतलं असतं तर बरं वाटलं असतं.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"आईंना कळता कामा नये. त्यांना नाही झेपायचं. उद्या नेहमीसारखे निघा."

दुसऱ्या दिवशी नऊला शर्ट घालून, बॅग अडकवून निघालो. आई दारात खुर्चीवर बसली होती. बायको आतून मोठ्याने म्हणाली, "अहो, डबा राहिला!" आणि येऊन माझ्या हातात दिला. "आज मीटिंग आहे ना? वेळेवर जेवा."

"किती जपते बघ तुला," आई म्हणाली.

काकांनी येऊ नका म्हटलं नव्हतं, पण माझं मलाच तिथे जायला तोंड नव्हतं. दोन रस्ते पलीकडे एक बाग आहे, तिथल्या बाकावर बसलो. शेजारी माझ्यासारखाच कडक इस्त्रीचा एक जण बॅग मांडीवर घेऊन बसला होता. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

साडेबाराला भूक लागली. डबा उघडला. तिन्ही कप्पे घासूनपुसून लख्ख होते, आणि रिकामे. आईला दिसण्यापुरता दिलेला डबा, त्यात काही घालायची तिला गरज वाटली नव्हती. शेजारच्याला संशय नको, म्हणून मी दहा मिनिटं जेवल्यासारखं केलं आणि झाकण लावलं.