बंद कारखान्याचा बर्फ

काशीबाईंच्या पापलेटांचे सहा क्रेट सातपाटीला टेम्पोत चढले, तेव्हा त्यांवर जेमतेम मूठभर बर्फ उरला होता. तासा-दोन तासांत गारवा मिळाला नाही, तर नवऱ्याने आठ दिवस समुद्रात काढून आणलेला माल खारवावा लागणार होता.

मच्छीमार सोसायटीने बर्फाची मागणी मोबाईलवर नेली होती. मागणी केली की तीनपैकी एका कारखान्याचं टोकन यायचं. काशीबाईंना बोईसरचं आलं. बोईसरचा कारखाना कॉम्प्रेसर जळून आठवडाभर बंद होता. त्यांनी पाच वेळा मागणी रद्द करून पुन्हा केली; पाचही वेळा बोईसर. सातपाटीतच समोरच्या कारखान्यात बर्फाच्या लाद्यांची रास होती, पण तिथला कारकून अनुज त्या कारखान्याच्या टोकनाशिवाय एक लादी हलवेना. तक्रार नोंदवली, तर तीही बोईसरच्याच कारखान्यातल्या, मागण्यांना आपोआप उत्तर देणाऱ्या मशीनकडे गेली आणि क्षणात 'निवारण झाले' असा निरोप आला.

त्यांनी यंत्रणा बसवणाऱ्या निमेशला फोन लावला. तो शांतपणे समजावू लागला, की मध्ये एक दलाल मशीन असतं. तिन्ही कारखान्यांच्या मशीनना ते हाक मारतं आणि ज्याचं उत्तर आधी येतं त्याच्याकडे मागणी वळवतं.

"अरे, बिनकामाचा मानूसच आदी ओ देतो," काशीबाई म्हणाल्या. "कामातल्याला सवड कुठं हाय?"

निमेश म्हणाला, मुद्दा बरोबर आहे, उद्या बघतो.

"मासळी उद्यापर्यंत थांबंल, असं तुज्या दलालाला कोनी सांगलं?"

फोन कट झाला. आता उत्तर देणाऱ्यालाच गाठायचं ठरवून काशीबाईंनी टेम्पो बोईसरकडे वळवला.

कारखान्यात पत्रे तापले होते. रखवालदार पुंजाराम घाम पुसत म्हणाला, "बर्फ कुठला, बाय. पान्याचा माठबी गरम हाय." फक्त कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत मशीन लुकलुकत होतं आणि ते तापू नये म्हणून एसी रात्रंदिवस चालू होता.

काशीबाईंनी दार ढकललं. आत हुडहुडी भरत होती. त्यांनी पुंजारामला काही विचारलं नाही. सहाही क्रेट आत नेऊन मशीनला खेटून रचले आणि निमेशला पुन्हा फोन केला.

"सावकाश ये, बाबा. मासळी तुज्या मशीनजवळ ठेवलीय. पानी जरा गळतंय."

निमेश वीस मिनिटांत पोचला. नाकाला रुमाल बांधून त्याने मशीनची वायर उपटली, मशीन छातीशी धरलं आणि एसी बंद करायला कोपराने बटण चाचपू लागला.

"मशीन ने," काशीबाई म्हणाल्या. "थंडी ऱ्हाऊ दे."